पेढीमागची कार्यशाळा

जैन पुराणांनुसार भगवान ऋषभदेवांनी प्रजेला उपजीविकेची सहा कर्मे शिकविली : असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. व्यापारी घराण्यांनी यांपैकी मसि आणि वाणिज्य ही दोन कर्मे पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने जपली. वहीखाते चोख राहिले, शब्दाची पत टिकली. शिल्प मात्र हळूहळू घराबाहेर गेले. खिळा ठोकायचा झाला तरी सुतार, बिजागरी बदलायची झाली तरी लोहार, अशी सवय जडली. जी विद्या आदिनाथांनी वाणिज्याच्या बरोबरीने दिली, ती आपल्या अंगणात परकी झाली.

अलीकडे ती वेगळ्याच दाराने परतू लागली आहे. एखाद्या आडत दुकानामागच्या खोलीत, जिन्याखालच्या रिकाम्या जागेत किंवा जुन्या गोदामाच्या कोपऱ्यात घरातला तरुण एक जुना लेथ आणून बसवितो. शेजारी ड्रिल, भिंतीवर कानशी आणि पाने, टेबलावर व्हर्नियर. दिवसभर दुकान सांभाळून रात्री तो पितळेची कांडी कातीत बसतो, आटे पाडतो, एखादे इवलेसे इंजिन जुळवितो. घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘‘यातून सुटणार काय?’’

प्रश्न रास्त आहे आणि व्यापाऱ्याच्या घरात तो विचारला जायलाच हवा. दुसरा प्रश्न सहसा मनातच राहतो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत यंत्रपीडन कर्माचा समावेश आहे. मग यंत्राचा नाद घरात असावा का? येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. कर्मादानांचा विचार उपजीविकेसाठी चालणाऱ्या आणि मोठ्या जीवहिंसेला कारण होणाऱ्या धंद्यांचा आहे. हातातील लोखंड कोणत्या कामी लावायचे, हा विवेक त्याने संपत नाही. उलट तेथूनच तो सुरू होतो. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायची तर छंदापोटी यंत्रे घडविणाऱ्यांचा इतिहास पाहावा लागतो.

इंग्लंडमध्ये १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये अशा हौशी कारागिरांची संस्थाही उभी राहिली. पोटासाठी दुसराच उद्योग करणारी माणसे सुटीच्या दिवशी घरी वाफेची छोटी इंजिने घडवीत. विशेष असे की, ती कशी घडविली हे मापांसह लिहून ती इतरांपुढे ठेवीत. कोणी चूक दाखवी, कोणी सोपी रीत सुचवी. ज्ञान दिल्याने घटत नाही, या आपल्याकडील जुन्या समजुतीचा हा लोखंडातील प्रत्यय होता.

याच काळात मुंबईत एक मराठी तरुण त्याच मार्गाने चालला होता. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी घरीच दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण बनविले. पुढे त्यांनी मुंबईत विज्ञानप्रेमींचे मंडळ स्थापन केले आणि शास्त्र व यंत्रे सोप्या मराठीत समजावून सांगणारे ‘विविध कला प्रकाश’ हे मासिक चालविले. आपल्याला जे उमगले ते आपल्या भाषेत दुसऱ्याला सांगावे, ही ओढ त्यांच्या ठायी यंत्राच्या ओढीइतकीच बलवत्तर होती.

भिसे यांना पहिली मोठी कीर्ती ज्या यंत्राने मिळाली, त्याची कथा व्यापाऱ्यांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. १८९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील संशोधकांच्या एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली. किराणा दुकानातील सुटा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवायचे होते. भिसे यांच्या आराखड्याने इंग्रज स्पर्धकांना मागे टाकले. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ हा एक आहे : घेताना जास्त आणि देताना कमी मापणे. तराजूच्या दांडीवरचे बोट हा व्यापाऱ्याच्या नीतीचा सर्वांत जुना कस आहे. एका हौशी यंत्रकाराची बुद्धी प्रथम ज्या यंत्राने जगापुढे आली, ते यंत्र त्याच तराजूचे होते. यंत्रपीडनाची शंका मनात ठेवणाऱ्याने हे उदाहरणही मनात ठेवावे.

या यशानंतर दिनशा वाच्छा यांचे परिचयपत्र घेऊन भिसे लंडनला गेले आणि दादाभाई नौरोजींना भेटले. दादाभाईंनी त्यांच्यामागे स्वतःचा पैसा उभा केला. लंडनमधील कार्यशाळेत भिसे यांनी विजेवर चालणारे जाहिरात-फलक आणि स्वयंपाकघरातील उपकरणे असे नाना प्रकार घडविले. त्यांचे प्रमुख ध्येय होते छपाईचे खिळे ओतणारे जलद यंत्र. मिनिटाला १२०० खिळे ओतणारे यंत्र त्यांनी १९०८ साली सिद्ध केले. यंत्र चालले, अडले ते भांडवल. हेन्री हिंडमन या इंग्रज पुढाऱ्याने पैसा उभा करण्याचे दिलेले आश्वासन फळाला आले नाही. कार्यशाळा बंद करून १९०८ च्या अखेरीस भिसे स्वदेशी निघाले. बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले यांची भेट झाली आणि त्यांच्या प्रयत्नाने रतनजी टाटा यांचे साहाय्य मिळाले. ती व्यवस्थाही काही वर्षांनी संपली. पुढे भिसे अमेरिकेत गेले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे निवर्तले. ‘भारताचे एडिसन’ म्हणून गौरविलेल्या या माणसाचे नाव आज त्यांच्याच महाराष्ट्रात थोड्यांना ठाऊक आहे.

या चरित्राकडे खातेवहीच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. बुद्धी जमेला होती, श्रम जमेला होते, दात्यांची सद्भावनाही जमेला होती. उणीव होती ती टप्प्याटप्प्याने लागणाऱ्या भांडवलाच्या निश्चितीची आणि दाराशी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची. याच पिढीतील लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, या शेतकऱ्यांच्या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जायलाही फार काळ गेला. परंतु गिऱ्हाईक डोळ्यांसमोर होते. त्याची तक्रार ऐकून नांगर सुधारता येत होता. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. भिसे यांची प्रतिभा कमी नव्हती. त्यांचा बाजार मात्र दूर होता आणि भांडवल परक्या शब्दावर टांगलेले होते.

व्यापारी घराणे येथे उपयोगी पडू शकते. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद कापूस आणि सावकारीची मळलेली वाट सोडून बांधकाम, जहाजे आणि १९४० साली बंगळूरच्या विमान कारखान्यापर्यंत पोहोचले. त्यांच्यासारखी झेप सर्वांना साधणार नाही. मात्र कारागिराची बुद्धी आणि व्यापाऱ्याचा हिशेब एका छताखाली आले तर काय घडते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पेढीमागच्या खोलीत ही दोन्ही बळे एकाच घरात असतात.

घडविलेले इतरांपुढे ठेवण्याची परंपराही महाराष्ट्रात खंडित झालेली नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली ग्रामीण मुले तेथे वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी करीत करीतच शास्त्र शिकतात. अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सहकार्याने तेथे २००२ साली ‘फॅब लॅब’ ही खुली कार्यशाळा उभी राहिली. केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना प्रयोगशाळा उभारणी व चालविणे यांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळण्याची तरतूद आहे. समाजाच्या ज्या शिक्षणसंस्था बीड जिल्ह्यात आहेत, त्यांच्या विश्वस्तांनी हा विचार अवश्य करावा.

करण्याजोगे काम तर दाराशीच उभे आहे. दसरा उलटला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. ओव्हरलोड गाडीचे जू बैलांच्या मानेवर कसे बसते, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली बैलगाडीच्या पुढील भागाला आधार देणारे एक चाक बसविले. ‘सारथी’ असे त्याला नाव दिले. मानेवरचा भार त्या चाकावर उतरतो. तत्त्व इतके साधे आहे की, ज्याच्याकडे वेल्डिंगचे यंत्र आणि लेथ आहे त्याला ते समजून घेता येईल. जीवदयेसाठी आपण गोशाळेला चारा देतो, पांजरपोळाला देणगी देतो. जू हलके करणारे चाक हेही जीवदयेचेच दान आहे, आणि ते हातांनी द्यावयाचे आहे.

या छंदाची दुसरी बाजूही घरात स्पष्ट सांगितली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथील एका तरुण वेल्डरने मारुती ८०० चे इंजिन वापरून हेलिकॉप्टर उभारले. सुमारे दोन वर्षांची ती मेहनत होती. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना फिरते पाते डोक्यावर आदळून त्याचा मृत्यू झाला. त्याची जिद्द थोर होती. त्याच्या घराने जे गमावले ते कोणत्याही कौतुकाने भरून येणारे नाही. फिरत्या यंत्रापुढे उत्साहाला माफी नसते. सैल बाही, हातातील अंगठी, चकमध्ये विसरलेली किल्ली किंवा डोळ्यांवर नसलेला चष्मा एवढ्यावरही जन्माची हानी होते. ‘जतना’ हा शब्द आपण चालताना, बोलताना, वस्तू उचलताना-ठेवताना पाळावयास शिकतो. लेथसमोर त्याचा अर्थ अधिकच काटेकोर होतो. आपले काम दुसऱ्या जाणत्याला दाखविण्याचा मोठा लाभ येथेच आहे : चार डोळ्यांना जो दोष दिसतो तो दोन डोळ्यांना दिसेलच असे नाही.

ज्या घरात असा तरुण आहे, त्या घराने व्यवहाराच्या चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली, छंदाचे खाते दुकानापासून वेगळे असावे. वर्षाची रक्कम आधी ठरावी आणि तिच्याबाहेर जाऊ नये. दुकानाच्या उधारीतून यंत्र येऊ नये. दुसरी, एकट्याने यंत्र चालवू नये आणि जागरणाने डोळे जड झाले असता तर मुळीच चालवू नये. तिसरी, घडविलेल्या वस्तूची मापे व रीत वहीत लिहून ठेवावी. जमाखर्चाची सवय असलेल्या हातांना हे जड नाही. चौथी, एखादी कल्पना खरोखर नवी वाटली तर ती चारचौघांत मांडण्यापूर्वी पेटंटसाठी तात्पुरता अर्ज करावा. एकदा जाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या दृष्टीने सामान्यतः नवी राहत नाही. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण तपशील दाखल करण्यास बारा महिन्यांची मुदत असते, आणि मिळालेले पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे टिकते. जे राखावयाचे ते अर्ज करून राखावे. बाकीचे मोकळ्या मनाने वाटावे.

‘‘यातून सुटणार काय?’’ या प्रश्नाचे उत्तर रुपयांत देता येईलच असे नाही. बहुतेक खोल्यांतून कारखाना निघणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून तरुणाच्या छंदावर व्याज लावणेही योग्य नव्हे. परंतु ज्याने मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप सांभाळले, त्याचा हात तराजूवर हलका पडत नाही. ज्याने बिघडलेला तुकडा टाकून पुन्हा नव्याने कातला, त्याला नुकसान सोसून शब्द पाळणे अवघड जात नाही. आदिनाथांनी शिल्प आणि वाणिज्य एकाच प्रजेला शिकविले होते. ती दोन्ही एका घरात पुन्हा शेजारी नांदू लागली, तर वडीलधाऱ्यांनी त्या मागच्या खोलीत एकदा तरी डोकावून पाहावे आणि ‘‘हे कसे केलेस?’’ असे विचारावे.