तांदळाच्या मापाने मोजलेली श्रद्धा

भंडारा जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला एक टोमणा वाडवडिलांकडून वारशात मिळालेला आहे: तांदळासाठी बाटले. धानाच्या मुलखात तो चपखल बसतो, म्हणून टिकलाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांत होरपळला, मिशनांनी अन्न दिले, अनाथ पोरे सांभाळली, आणि त्यातली काही पुढे ख्रिस्ती झाली. हे कोणी नाकारू नये. उपाशी पोर जेवू घालणाऱ्याच्या दारात वाढते. त्याने कशाला लाजायचे? लाजायचे तर ज्यांची कोठारे त्या वर्षी बंद राहिली त्यांनी.

पण टोमण्यामागचा हिशेब तरी जुळतो का? तांदळासाठी आलेला माणूस तांदूळ संपल्यावर उठून जायला हवा. गोरे पाद्री गेले, परदेशी मदत आटली, मंडळी राहिली. पुढे तर हिशेब उलटाच झाला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलितांतून आलेले ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. अनुसूचित जातीची राखीव नोकरी गेली, राखीव जागा गेली. ज्याला निव्वळ लाभ पाहायचा आहे त्याने कागदावर ‘ख्रिस्ती’ लिहूच नये, इतके हे सरळ आहे. तरी लिहिणारे लिहितात. हा तोट्याचा सौदा ते कशासाठी करतात, ते टोमणा मारणाऱ्यांनी एकदा सांगावे.

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे याच जिल्ह्यातून जाते, भंडारा रोड आणि तुमसर रोड मागे टाकत. १८९३ मध्ये या प्रवासात कवी नारायण वामन टिळकांची एका युरोपियन सहप्रवाशाशी गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पदरात काय पडले? जात तुटली, नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. तांदळाच्या सिद्धान्तात हा माणूस कुठे बसवायचा?

इथवर बाहेरच्यांशी भांडण झाले. आता घरातले. अलीकडे मंडप पडतात, फ्लेक्स लागतात, व्यासपीठावरून घसा ताणून सांगितले जाते: विश्वास ठेवा, कर्ज फिटेल, नोकरी लागेल, दारात गाडी येईल, आधी दशांश तेवढा द्या. गाडी आली तर ती विश्वासाची साक्ष, नाही आली तर तुमचाच विश्वास कमी. प्रचारकाला तोटा कुठेच नाही! टोमणा मारणारा आणि हा प्रचारक एकमेकांचे तोंड पाहणार नाहीत. पण दोघांच्या हातात पायली एकच आहे. श्रद्धा किती, तर घरात आले किती. शेजारी जे खोटे आपल्याविषयी बोलतो, ते खरे करून दाखवण्याचा हा उद्योग आहे.

यांनी लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय वाचावा. एक जण येशूला म्हणतो, माझ्या भावाला वाटणी द्यायला सांगा. येशू पंच व्हायला नकार देतो आणि गोष्ट सांगतो. एकाच्या जमिनीत उदंड पिकते, ठेवायला जागा पुरत नाही, म्हणून तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचा बेत करतो. आता खा, पी, मजा कर, असे आपल्याच जिवाला सांगतो, आणि त्याच रात्री तो जीव मागून घेतला जातो. सातबाऱ्यावरून भावाभावांत बोलणे बंद असलेल्या गावात ही गोष्ट उलगडून सांगावी लागत नाही. मात्र एक बारीक गोष्ट निसटते. भरपूर पिकल्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही. त्याच्या सगळ्या बोलण्यात दुसरा माणूसच नाही. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. पण ते पीक उभे केले कोणी? बांधीत दिवसभर कमरेत वाकून रोवणी करणारी बाई त्याच्या हिशेबात कुठेच नाही.

समाधानाच्या या शिकवणीवरचा खरा जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो करणारा माणूसही मोठा आहे. १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून उभे राहिले आणि हरले. त्याआधी, १९५० च्या एका लेखात, त्यांनी धर्माला ज्या कसोट्या लावल्या त्यात एक ही होती की धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये. गरिबाला समाधान शिकवणे म्हणजे त्याला गप्प बसायला शिकवणे, हा या आक्षेपाचा गाभा. यावर आम्हा ख्रिस्ती लोकांना हात झटकता येणार नाहीत. मजुरांना स्वर्ग दाखवून धन्यांना दुखवायचे टाळणारी प्रवचने आमच्याकडे पुष्कळ झाली.

पण मूळ ग्रंथ त्या प्रवचनांच्या बाजूने नाही. याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय धनिकांना सुनावतो की कापणी करणाऱ्यांची तुम्ही दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. धानाचे चुकारे अडले म्हणून बँकेत खेटे घालणाऱ्या शेतकऱ्याला हा अध्याय घरचा वाटेल. आणि आपल्या मजुराचे पैसे त्यानेच थकवले असतील, तर बोचेल. पौल समाधानाविषयी लिहितो ते तुरुंगातून, फिलिप्पैच्या मंडळीला. ही स्थिती आपण शिकलो असे तो म्हणतो, जन्मजात होती असे म्हणत नाही. आणि त्याच पत्रात एपफ्रदीताच्या हाती आलेल्या मदतीची पोचही मोकळ्या मनाने देतो. पैशाला त्याने विटाळ मानला नाही. फक्त पैसा आला म्हणून तो फुलला नाही आणि नाही आला म्हणून वाकला नाही. असा माणूस आपली मजुरी जास्त ठामपणे मागतो, कारण त्याला पाच-पन्नास जास्त देऊन फोडता येत नाही. ख्रिस्ती समाधान मी यालाच म्हणतो. मालकाला सोयीचे पडते ते दुसरे.

एक आक्षेप मात्र मला पुरता खोडता येत नाही. एकाच्या समाधानाची किंमत बरेचदा घरातले दुसरे कोणी भरते. टिळकांचा हात सैल होता. दिले-घेतले त्याचा ताण लक्ष्मीबाईंच्या संसारावर पडला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपण खळखळून हसतो, पण ज्या प्रसंगांवर हसतो त्यांत त्या बाईचा जीव किती टांगणीला लागला असेल! तेव्हा समाधान दुसऱ्यावर लादता येत नाही, बायकोवर नाही, मुलांवर नाही. शेतमजुरावर तर पगारी उपदेशकाने मुळीच लादू नये. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली, आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला तो त्यानंतर. आजच्या व्यासपीठांवरच्या मंडळींनी निदान हा क्रम तरी पाळावा.