उत्तर कसें दाखवावें?

आमच्या नवी मुंबईंतील अनेक शाळांतून आतां संगणकाची एखादी भाषा शिकविली जाते. आय. सी. एस. ई. च्या नववी-दहावीच्या वर्गांत ती जावा असते, सी. बी. एस. ई. च्या वरच्या वर्गांत पायथन. हिशेब कसा करावा याकडे या शिक्षणांत जितकें लक्ष पुरविलें जातें, तितकें हिशेबाचें उत्तर पडद्यावर कसें मांडावें याकडे पुरविलें जात नाहीं. उत्तर बरोबर आलें कीं काम संपलें, असा सर्वसाधारण समज दिसतो. आमचें मत याच्या उलट आहे. उत्तर ज्यास वाचावयाचें आहे त्याच्या भाषेच्या रीतीस तें उतरेपर्यंत प्रोग्राम पुरा झाला असें आम्ही मानीत नाहीं.

ज्या पालकांचा या विषयाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम थोडा खुलासा करतों. संगणकाच्या स्मरणांत मूल्य ठेवण्यासाठीं जी नांव दिलेली जागा असते, तिला व्हेरिएबल म्हणतात. वाण्याच्या दुकानांत डब्यांवर ‘साखर’, ‘रवा’ अशा चिठ्ठ्या लावलेल्या असतात, तसाच हा प्रकार. ऑब्जेक्ट म्हणजे अशा कांहीं डब्यांचा एकत्र संच, आणि त्यांतील जिनसांचें काय करावयाचें याचें ज्ञानही त्याच्याच ठायीं असतें. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारांतील एखादी पावती घ्या. वजन, दर व एकूण रक्कम हीं तिच्यांतील मूल्यें. आणि स्वतःस कागदावर कसें मांडावें हें सांगणारी रीत, हाही त्या पावतीचाच भाग. जावामध्यें या रीतीला टूस्ट्रिंग असें नांव आहे. ती आपण लिहिली नाहीं, तर पावती छाप म्हणतांच यंत्र क्लासचें नांव, त्यापुढें ‘ॲट’चें चिन्ह व त्यापुढें अंकाक्षरांची एक अगम्य माळ, एवढेंच छापून मोकळें होतें. कांदे किती गेले हें बिचाऱ्या व्यापाऱ्यानें त्यावरून कसें ओळखावें?

आंतील मूल्य व बाहेरील रूप या दोन निराळ्या वस्तू आहेत, हें विद्यार्थ्यांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें. पायथनला ०.१ व ०.२ यांची बेरीज विचारा. दशांश चिन्हापुढें तीन, मग पंधरा शून्यें व शेवटीं चार असें उत्तर येईल. यंत्र हे अपूर्णांक द्विमान पद्धतीनें सांठवितें व त्या पद्धतींत ते नेमके बसत नाहींत, म्हणून असें होतें. त्यावर उपाय दाखवितांना दोनच स्थळें दाखविणें हा आहे, आंतील मूल्य छाटणें हा नव्हे. चाळीस पैशांच्या तीन वस्तू एक-एक करून पूर्ण रुपयांत काढल्या व मग मिळविल्या, तर बेरीज शून्य येते. आधीं मिळवून मग पूर्ण रुपयांत काढल्या, तर एक रुपया येतो.

आतां संख्येच्या लेखनाकडे वळूं. बारा लाख चौतीस हजार पांचशें सदुसष्ट ही रक्कम आपण १२,३४,५६७ अशी लिहितों. पायथनला स्वल्पविराम घालावयास सांगितलें तर तो १,२३४,५६७ असें लिहितो. ज्या गृहस्थानें उभा जन्म लाख-कोटींत हिशेब केला, त्यास घराच्या किमतीचा असा आंकडा वाचतांना बोटानें अंक मोजावे लागतात. आणि मोजण्यांत एक अंक चुकला तर लाखांचे दहा लाख होतात. जावाच्या भांडारांतील डेसिमलफॉरमॅट हा क्लास याहून हट्टी आहे. नमुन्यांत दोन ठिकाणीं स्वल्पविराम दिले तरी तो शेवटच्या स्वल्पविरामापुढील अंक मोजतो, व सर्वत्र तेवढेच गट पाडतो. आधीं तिनांचा व मग दोनांचा गट ही आपली चाल त्यास ठाऊकच नाहीं. मात्र आय. सी. यू. नांवाच्या मोफत ग्रंथालयांत ती सोय आहे, आणि जावास्क्रिप्टला ‘भारतांतील मराठी’ एवढें सांगितलें कीं तें लाखांचे गट पाडून वर अंकही देवनागरी देतें.

अंकांविषयीं एक मौज सांगण्याजोगी आहे. पायथन किंवा जावा यांस ‘१२३’ हे देवनागरी अंक वाचावयास दिले तर ते विनातक्रार एकशें तेवीस समजतात. यंत्र आमचे अंक शिकून बसलें आहे. लिहीत नाहीं तें केवळ कोणीं सांगत नाहीं म्हणून! यावर कोणी म्हणेल, कीं राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमानेंच अंकांचें आंतरराष्ट्रीय रूप स्वीकारलें आहे. खरें आहे, परंतु तें कलम संघराज्याच्या सरकारी कामकाजापुरतें आहे. घरच्या आजीला दाखवावयाच्या किराणा-हिशेबास तें लागू करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. परप्रांतीं जावयाची पावती असेल तर आंतरराष्ट्रीय अंक खुशाल वापरावे. वाचक कोण हें पाहून रूप ठरवावें, एवढेंच आमचें म्हणणें.

रूप ठरविणारी रीत एकाच ठिकाणीं असावी हेंही महत्त्वाचें. इ. स. २०१० च्या जुलैंत भारत सरकारनें उदय कुमार यांनीं रेखाटलेलें रुपयाचें नवें चिन्ह स्वीकारलें. ज्यानें आपल्या प्रोग्रामांत शंभर ठिकाणीं ‘रु.’ असें लिहून ठेविलें असेल त्यास शंभर दुरुस्त्या. ज्यानें तें काम पावतीच्या एका रीतीकडे सोंपविलें त्यास एकच.

परंतु खरी परीक्षा संख्येची नसून नांवांची आहे. इंग्रजींत वाक्याचा सांगाडा करून मध्यें नांवाची जागा मोकळी सोडली कीं भागतें. मराठींत तसें भागत नाहीं. समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें आमच्या रेल्वेगाड्यांचा प्रोग्राम लिहिला, व ‘गाडी अमुकला जाईल’ असा सांगाडा केला. वाशी, नेरूळ, पनवेल, ऐरोली येथवर ठीक चालेल: वाशीला, नेरूळला, पनवेलला. पण पुढें ‘गाडी ठाणेला जाईल’, ‘गाडी तुर्भेला जाईल’ असें पडद्यावर उमटेल, आणि तें वाचून कोणाही मराठी माणसास हंसूं येईल. ठाण्याला, तुर्भ्याला, कोपरखैरण्याला, सानपाड्याला असें आपण म्हणतों. प्रत्यय लागण्यापूर्वीं नांवाचें सामान्यरूप होतें, हें व्याकरणाच्या तासाला शिकलेलें येथें कामास येतें.

कोणी हुशार मुलगा म्हणेल, शेवटचें अक्षर पाहून नियम बसवूं. बसवून पाहावा. सानपाडा, शाळा, सीमा या तिन्ही शब्दांच्या अंतीं ‘आ’ आहे. पण सानपाड्याला, शाळेला, सीमाला अशीं तीन तऱ्हांचीं रूपें होतात. एक गांवाचें नांव, दुसरें सामान्य नाम, तिसरें मुलीचें नांव. अक्षरांकडे कितीही पाहिलें तरी हा भेद सांपडावयाचा नाहीं, कारण तो अक्षरांत नाहीं; तो वस्तु कोणत्या जातीची आहे त्यांत आहे. आणि वस्तूची जात ओळखणें हेंच तर या ऑब्जेक्टवाल्या भाषांचें मुख्य काम! स्थानक, व्यक्ति व सामान्य नाम असे तीन क्लास करावे, व प्रत्येकास ‘तुझें सामान्यरूप सांग’ या आज्ञेचें उत्तर देणारी स्वतःची रीत द्यावी. आज्ञा एकच, उत्तर ज्याचें त्याचें निराळें. स्थानकाच्या ऑब्जेक्टमध्यें ‘ठाणे’ व ‘ठाण्या’ अशीं दोन्ही रूपें सांठवून ठेवलीं तरी चालेल. ठाण्यापासून पनवेलपर्यंतचीं सर्व स्थानकें लिहून काढण्यास एखाद्या मुलीस अर्धा तासही लागणार नाहीं. आणि कोठें अडलें, तर घरीं आईस विचारावें.