मुलांचा डॉक्टर व्हायचंय? मग दहावीनंतरचा निर्णय जपून घ्या

सोलापुरातलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झालं. आपल्या वस्त्यांतली आजारी लेकरं त्याच्याच सिव्हिल हॉस्पिटलात जातात. त्यांना तपासणारा बालरोगतज्ज्ञ आपल्या वस्तीतून का घडत नाही? आम्ही वस्त्यांत काम करतो. बुद्धी कमी पडताना आम्हाला दिसत नाही. माहिती उशिरा पोहोचते, हे मात्र रोज दिसतं.

आधी रस्ता समजून घेऊ. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं. गणित नसलं तरी चालतं. विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५०, तर अनुसूचित जातींना ४० टक्के लागतात. मग नीट. त्यानंतर साडेचार वर्षं एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप. पुढे नीट-पीजी आणि तीन वर्षांचं बालरोगशास्त्रातलं एम.डी. म्हणजे बारावीनंतर किमान साडेआठ वर्षं.

गळती तीन ठिकाणी होते. पहिली दहावीनंतर : 'सायन्स झेपणार नाही' हे घरचेच ठरवतात. दुसरी नीटला : पेपर मराठीतही देता येतो, पण तयारी एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून करावी लागते. क्लासची फी आणि रिपीटचं वर्ष मजूर कुटुंबाला परवडत नाही. तिसरी कागदपत्रांत : जात वैधता प्रमाणपत्र ऐनवेळी मिळत नाही. राज्याच्या जागांत आपल्याला १३ टक्के आणि अखिल भारतीय कोट्यात १५ टक्के आरक्षण आहे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो.

एमबीबीएसनंतरही अनेकांवर घर चालवण्याचा भार येतो आणि एम.डी. राहून जातं. एम.डी. करताना विद्यावेतन मिळतं, हे घरच्यांना सांगायला हवं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. अकरावीतच वैधतेचा अर्ज करा. शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेची माहिती समाज कल्याण कार्यालयातून घ्या. प्रत्येक विहारात एनसीईआरटीचा संच आणि रात्री उशिरापर्यंत उघडी अभ्यासिका असू द्या. आपले डॉक्टर, इंजिनिअर आणि शिक्षक यांनी आठवड्यातला एक तास तिथे द्यावा.

बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. शंभर वर्षांनंतर एक अभ्यासिका चालवणं आपल्याला जड जाऊ नये.

जय भीम!