रात्री दहाचं रक्त की दहा मिनिटांची पट्टी?

रात्री दहा वाजता आरोग्य कर्मचारी दारात येऊन म्हणाला, "जरा बोट पुढे करा," तर तुम्ही वैतागाल ना? पण ही वेळ त्याने ठरवलेली नाही, हत्तीरोगाच्या जंतांनी ठरवली आहे. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्री चावतो आणि जंतांची पिल्लंही रात्रीच बोटाच्या रक्तात येतात. दिवसा ती फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात.

गावात रोग खूप असेल तर काचेवर घेतलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं पुरतं. सामूहिक औषधवाटपानंतर मात्र पिल्लं इतकी कमी होतात, की दोन-तीन थेंबांत एकही सापडत नाही. मोठे जंत शरीरात असले तरी रिपोर्ट निगेटिव्ह!

एफटीएस पट्टी रक्तात मोठ्या जंतांची खूण शोधते, म्हणून ती दिवसाही चालते. निकाल बरोबर १० मिनिटांनी पाहायचा. उशिरा पाहिला तर खोटी रेघ दिसू शकते.

पण रोग दुर्मीळ झाला की चांगली चाचणीही फसवते. समजा, १००० जणांत फक्त ५ जणांना लागण आहे आणि चाचणी दर १०० निरोगी माणसांत एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. मग खरे रुग्ण ५ आणि खोटे जवळपास १०! शिवाय उपचारानंतरही पट्टी बराच काळ पॉझिटिव्ह येऊ शकते.

म्हणून घरात कुणाची पट्टी पॉझिटिव्ह आली, तर लगेच सुजलेला पाय डोळ्यांपुढे आणू नका. डॉक्टर सांगतील ते औषध घ्या. आणि रात्री पुन्हा रक्त घ्यायला कुणी आलं, तर दार उघडा.