पत्रिकेवरची जेवणाची वेळ



लग्नसराई आली की घरात पत्रिकांचा ढीग पडतो. मी पत्रिका उघडते तेव्हा मुहूर्त नंतर बघते, आधी जेवणाची वेळ बघते. हल्ली बऱ्याच पत्रिकांवर एकच ओळ असते, 'स्वागत समारंभ व स्नेहभोजन, सायं. ७ पासून'. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यातसुद्धा सातच्या सुमारास. म्हणजे लग्नाचा कुठलाही महिना घ्या, सातचं जेवण हे रात्रीचंच. वर णमोकार मंत्र छापायचा आणि खाली ही वेळ, हे काही मला पटत नाही.

लग्न सगळ्यांना आनंदाचं व्हावं म्हणून आपण काय कमी करतो का? मुलांसाठी जादूगार, तरुणांसाठी डीजे, फोटोसाठी फुलांची कमान. पण ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे त्या आजी, आत्या, मामी हॉलमध्ये येतात, आहेर देतात आणि पाणीही न घेता परत जातात. काही जणी तर सूर्यास्ताच्या दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं आधीच तोंड बंद करतात. त्यांना "थोडं सरबत तरी घ्या" म्हणणारी माणसं बघितली की मला त्यांच्यापेक्षा जास्त अवघडल्यासारखं होतं. पुढच्या लग्नाला मग त्या येतच नाहीत. आदल्या दिवशी घरी येऊन साडी ठेवून जातात, आणि आपण म्हणतो, आजींना आता झेपत नाही.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात श्रावकाच्या अकरा प्रतिमांपैकी सहावी रात्रिभोजनत्यागाची आहे. तिथे कारण दिलंय जीवांबद्दलच्या अनुकंपेचं. जीवांची अनुकंपा शिकवणाऱ्या घरात आलेली म्हातारी उपाशी परत जाते, यावर मी आणखी काय बोलू?

"ताई, मुलाकडचे ऐकत नाहीत," असं बऱ्याच जणी म्हणतात. खरंय, मुलीकडच्यांना बोलायला जड जातं. पण बोलायची वेळ चुकते असं मला वाटतं. हॉल ठरला, केटररला आगाऊ रक्कम दिली, मग आपण हळूच विषय काढतो. याद्या होतात तेव्हाच काढा. मानपानाच्या साड्या किती, सोनं किती हे कागदावर येतं ना? त्याच कागदावर लिहा, शेवटची पंगत पाच वाजता बसेल. थोरल्या माणसांच्या सह्या झाल्या की पुढे कुणी फाटे फोडत नाही. गोरज मुहूर्ताचा हट्ट असेल तर तोही तिथेच मोडायला हवा, कारण मुहूर्तच दिवस मावळताना असेल तर पुढचं जेवण दिवसा कसं होणार?

दुसरा आक्षेप नोकरी करणाऱ्या मुलांचा असतो. पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी दिवसा येत नाहीत म्हणे. रविवारचं लग्न धरा, येतात. आणि कुणी म्हटलंय की दिवे लागले की मजा संपली? जेवणं उरकल्यावर मुलांनी खुशाल नाचावं. तसाही रात्री दहानंतर कायद्याने स्पीकर बंदच करावा लागतो, तोवर तीन-चार तास मिळतात. पोट भरलेली आजीसुद्धा खुर्चीत बसून नातवाचा नाच कौतुकाने बघते. फक्त तिची खुर्ची स्पीकरच्या भिंतीसमोर ठेवू नका.

आता जेवण कसं, तर माझं मत पंगतीचं. बुफे ठेवायचाच असेल तर ठेवा, पण दोन रांगा तरी टेबल-खुर्चीच्या पंगतीच्या हव्यातच. हातात काठी असलेल्या माणसाने ताट कुठल्या हातात धरायचं? एकाशन असणाऱ्या बायकांना तर एकदाच बसून जेवायचं असतं, त्यांच्यासाठी गाळून उकळलेलं पाणी वेगळं ठेवा आणि कुठे ठेवलंय ते सांगायला घरची एक मुलगी उभी करा. पंगतीत वाढणारा विचारून वाढतो, म्हणून उष्टंही कमी पडतं. बुफेच्या टबात पडलेलं अन्न बघवत नाही.

लहान मुलांना मात्र अक्षतांची वाट बघायला लावू नये. साडेबाराचा मुहूर्त दीडवर जातो, तोवर ती रडकुंडीला येतात आणि त्यांच्या आया मंगलाष्टकं सोडून बिस्किटं शोधत फिरतात. साडेअकराला त्यांना वरणभात वाढून घ्या. कुणी "अक्षतांच्या आधी?" म्हणालंच, तर म्हणू द्या.

आणखी एक, स्टेजचं. फोटोसाठी ऐंशी वर्षांच्या माणसाला पायऱ्या चढवून रांगेत उभं करायचं आणि त्याच वेळी फोटोग्राफरने "जरा लवकर, काका" म्हणायचं, हे बंद व्हायला हवं. नवरा-नवरीने दहा मिनिटं खाली उतरून पहिल्या रांगेत सगळ्यांच्या पाया पडून यावं. फोटो तिथेही छान येतात, उलट जास्तच छान.

केटररला मात्र चारची वेळ सांगा. त्याचे पाच म्हणजे सहा असतात.