मुक्या जिवाचे औषध आणि आपला हिशेब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे कारखाने आहेत. तेथे राबणाऱ्यांच्या वस्त्यांत दारची शेळी आणि राखणीचे कुत्रे ही कुटुंबातलीच मानली जातात. मात्र त्यांतले एखादे आजारी पडले की ठरलेला प्रश्न ऐकू येतो : ‘जनावराच्या किमतीपेक्षा औषधाला जास्त पैसे कशाला?’ हा प्रश्न शहाणपणाचा समजला जातो. मला तो अन्यायाचा वाटतो.

किंमत बाजार ठरवतो. सहा-सात वेते दूध देऊन थकलेल्या शेळीला बाजारात गिऱ्हाईक नाही. म्हणून तिचे ऋण फिटले काय? गल्लीतल्या कुत्र्याची किंमत तर शून्य. या हिशेबाने त्याच्या जखमेवर हळददेखील लावायला नको! विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही तुम्ही वर काढताच ना, असे प्रभू येशूने विचारले (लूक 14:5), तेव्हा त्याने बैलाचा भाव विचारला नव्हता.

मात्र मायेपोटी वाटेल तेवढा खर्च करणे, हेही उत्तर नव्हे. ख्रिस्तसभेचा 1992 चा धर्मशिक्षण-ग्रंथ (परिच्छेद 2418) दोन्ही टोकांना आवर घालतो : प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, आणि माणसाच्या दुःखनिवारणासाठी आधी लागणारा पैसा त्यांच्यावर उधळणेही शोभत नाही. मुलीची फी थकवून, सावकाराचे कर्ज काढून कुत्र्याचे आयुष्य महिनाभर लांबवणे ही दया नव्हे.

मग मर्यादा कोणती? पहिला खर्च लसीचा; तो टाळू नये. 2022 साली लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा राज्य शासनाने गोवंशाचे मोफत लसीकरण केले. मृत दुधाळ गायीमागे 30,000, बैलामागे 25,000 व वासरामागे 16,000 रुपये साहाय्य जाहीर झाले. एका लसीच्या खर्चाशी हे आकडे ताडून पाहावेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. म्हणून कुत्र्याला दरवर्षी टोचलेली लस गल्लीतल्या लेकरांचेही रक्षण करते. दुसरा खर्च वेदना शमवण्याचा. त्यात किमतीची घासाघीस नको. तिसरा रोग बरा करण्याचा; तो घराच्या ऐपतीप्रमाणे व्हावा. आशाच उरली नसेल, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने कुत्र्याला वेदनारहित मरण द्यावे. रात्री गोणीत भरून हमरस्त्याकडेला सोडून येणे हे पाप आहे.

‘गरिबाला हे परवडत नाही’ असे कोणी म्हणेल. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्कात उपचार होतात. तेथवर जाण्याचे कष्ट मात्र घ्यावे लागतात. 4 ऑक्टोबरला, संत फ्रान्सिस असिसीकरांच्या सणाला, अनेक ठिकाणी प्राण्यांना आशीर्वाद दिला जातो. प्रत्येक धर्मग्रामाने त्या दिवशी पशुवैद्यालाही बोलवावे. पवित्र पाण्याच्या शिंपडणीबरोबर रेबीजची लसही टोचली जावी आणि ज्यांना तिचा खर्च झेपत नाही, त्यांचा भार इतरांनी उचलावा.