चालते यंत्र भंगारात का?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. परिणामी, नागपुरातील घरांत, वाचनालयांत, संघटनांच्या कचेऱ्यांत सुस्थितीतले संगणक एका कंपनीच्या निर्णयाने मोडीत निघू पाहत आहेत.

याला लिनक्स हा पर्याय आहे. तिचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी रचला. पुढे जगभरच्या हातांनी ती वाढवली. ती विनामूल्य मिळते आणि तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या यंत्रांवरही चालतात. पत्रव्यवहार, साधे हिशेब, ईमेल आणि इंटरनेट एवढीच ज्याची गरज, त्याला ती पुरेशी आहे.

मात्र अडचणी झाकून प्रचार करू नये. कृतिदेवसारख्या जुन्या फॉण्टमधील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागू शकतो. टॅली सरळ चालणार नाही. प्रिंटर जुळतो का, हे पेन ड्राइव्हवरून प्रणाली चालवून आधीच पाहावे.

केरळच्या सरकारी शाळांत हा बदल रुजला, कारण तेथे शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण दिले गेले. सामान्य माणसाला एकटे सोडून हे साधणार नाही. जाणत्या कार्यकर्त्यांनी त्याच्या शेजारी बसून त्याला शिकवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.